पहिला प्रोब -५१७, दुसरा -१७: पॉवर डोमेन सुटतच नाही

उद्यमनगर_सोल्डर:
मंडळी, चार दिवस एकाच जागी अडकलोय. शिरोलीतल्या एका फौंड्रीसाठी कास्टिंगवरचे ब्लोहोल टिपणारा कॅमेरा बोर्ड करतोय. लिनक्स कर्नल ६.१, इंटरफेसचा ड्रायव्हर माझाच. डिव्हाइस ट्रीत (हार्डवेअरच्या वर्णनाच्या फाइलीत) या ब्लॉकला दोन पॉवर डोमेन आहेत, म्हणजे वीज एकत्र चालू-बंद होणारे भाग. एकापेक्षा जास्त असली की कर्नल आपणहून जोडत नाही, म्हणून प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला लागताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) दोन्हीसाठी ‘डेव्ह_पीएम_डोमेन_अटॅच_बाय_नेम’ करतो. डोमेनमागे एक असे जे व्हर्च्युअल डिव्हाइस हाती येतात ते ‘डिव्हाइस_लिंक_अ‍ॅड’ने बांधतो; फ्लॅग स्टेटलेस (लिंक आपणच काढायची), पीएम_रनटाइम आणि आरपीएम_अ‍ॅक्टिव्ह. मग क्लॉकसाठी ‘डेव्हएम_सीएलके_गेट’; डेव्हएम म्हणजे प्रोब फसल्यावर किंवा ड्रायव्हर निघाल्यावर आपोआप सुटणारे कॉल. क्लॉकची चिप आयटूसी बसवर, तिचं मॉड्यूल उशिरा चढतं, म्हणून पहिल्या खेपेला -५१७. ते समजतंय, प्रोब डिफर आहे, म्हणजे लागणारी गोष्ट अजून आलेली नाही, नंतर परत प्रयत्न. पण दुसऱ्या खेपेला अटॅचच -१७ देतं, आणि लॉगमध्ये ‘डुप्लिकेट फाइलनेम’ची ओरड, पुढे ‘जेनपीडी:०’ने (जेनपीडी म्हणजे जेनेरिक पॉवर डोमेन) सुरू होणारं नाव. मग विषय संपला. मालक म्हणतात, रीबूट करा की! केलं तर कधी चालतं, कधी नाही. डेव्हएम वापरलंय, मग प्रोब फसल्यावर सगळं आपोआप सुटायला नको काय?

गोटूवाला:
भावा, डेव्हएम क्लॉकपुरतंच आहे. अटॅच आणि लिंक साधे कॉल, ते सोडायचे तुझ्याच हातानं. क्लॉक मिळाला नाही म्हणून तू थेट रिटर्न मारलास आणि व्हर्च्युअल डिव्हाइस मागं तसेच राहिले. दुसऱ्या खेपेला कर्नल त्याच नावाचा डिव्हाइस नोंदवायला गेला, तर नाव आधीच घेतलेलं. -१७ म्हणजे तेच.

जोडलंस त्याच्या बरोबर उलट सोडायचं: आधी ‘डिव्हाइस_लिंक_डेल’, मग ‘डेव्ह_पीएम_डोमेन_डिटॅच’. आधी डिटॅच केलंस तर व्हर्च्युअल डिव्हाइस जाताना आपल्या लिंकाही घेऊन जातो, आणि तुझ्याकडचा पॉइंटर मोकळ्या केलेल्या मेमरीवर बोट दाखवत बसतो. हा घोळ मी स्वतः घातलाय. कासान (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू होतं म्हणून सापडला, नाहीतर गिऱ्हाइकाकडंच फुटला असता.

आणि एक. लिंक_अ‍ॅड फसलं की नल (रिकामा पॉइंटर) येतो, एरर पॉइंटर (ज्यात एरर नंबर दडवलेला असतो तो) नाही. ‘इज_एर’ फक्त एरर पॉइंटर ओळखतं, ते लावून बसला असशील तर तपास. याउलट अटॅच_बाय_नेम एरर पॉइंटरही देतं आणि नलही, तिथं दोन्ही बघावं लागतं.

उद्यमनगर_सोल्डर:
इज_एरच होतं. काय बोलू आता. पण लिंक काढायचीच कटकट असेल तर ऑटोरिमूव्ह_कन्झ्युमर हा फ्लॅग का नको? प्रोब फसला की ती लिंक आपोआप जाते असं डॉक्युमेंटेशनमध्ये वाचलं.

रंकाळ्यावरून_एसएसएच:
जाते, पण ती मॅनेज्ड लिंक झाली. सप्लायरला (ज्याच्यावर आपण अवलंबून त्या डिव्हाइसला) ड्रायव्हर लागलाय की नाही यावर तिचा सगळा हिशेब. तुझा सप्लायर व्हर्च्युअल, त्याला ड्रायव्हर कधीच लागणार नाही. इथं स्टेटलेसच बरोबर. आणि समज लिंक गेली, तरी डिटॅच कोण करणार?

माझा प्रश्न वेगळाच आहे. कर्नल ५.१३ पासून ‘एफडब्ल्यू_डेव्हलिंक’ (कोण कोणावर अवलंबून ते डिव्हाइस ट्रीतून वाचणारी सोय) मुळातच ऑन असतं. क्लॉकचा ड्रायव्हर लागेपर्यंत तुझा प्रोब सुरूच व्हायला नको. तुला -५१७ आत कसा मिळाला?

उद्यमनगर_सोल्डर:
बूटआर्ग्समध्ये (बूट होताना कर्नलला दिलेल्या ओळीत) ते परमिसिव्ह आहे, म्हणजे प्रोब अडवतच नाही! जुन्या बोर्डावरून ती ओळ जशीच्या तशी उचलली होती.

रंकाळ्यावरून_एसएसएच:
तरी म्हटलं. पण आत्ता काढू नकोस. काढलीस तर बग झाकला जाईल आणि तू खूश होऊन मिसळ खायला जाशील. आधी सोडायचा मार्ग नीट कर.

आणि गोटूवाल्याशी माझं एका जागी पटत नाही. हातानं सोडायचं म्हणजे ‘गोटू’नं फंक्शनच्या शेवटच्या लेबलांवर उडी मारून सोडायचं; ती लेबलं प्रोब परतायच्या आधी चालतात, डेव्हएमचं सगळं त्यानंतर सुटतं. म्हणजे डेव्हएमनं मागितलेला इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) जिवंत, आणि खालची डोमेन तू आधीच सोडलेली. तेवढ्यात इंटरप्टच्या हँडलरनं रजिस्टर वाचलं की बोर्ड जागच्या जागी गार. त्यापेक्षा प्रत्येक अटॅच-लिंकच्या लगेच खाली ‘डेव्हएम_अ‍ॅड_अ‍ॅक्शन_ऑर_रीसेट’ टाक, लिंक काढणं आणि डिटॅच दोन्ही त्या एका फंक्शनमध्ये. नंतर मागितलेलं आधी सुटतं, त्यामुळं इंटरप्ट डोमेनच्या आधी जातो. फक्त अटॅच झालं आणि लिंक फसली, तर अ‍ॅक्शन अजून लागलेली नसते. तिथलं डिटॅच जागीच कर.

गोटूवाला:
इंटरप्टचं मान्य. माझं नाव बदलायला लागतंय आता. तपासताना ‘डीबग_टेस्ट_ड्रायव्हर_रिमूव्ह’ या कर्नलच्या पर्यायावर विसंबू नकोस, तो चांगला लागलेला ड्रायव्हर काढून परत लावतो, अर्ध्यात फसलेल्याला हात लावत नाही. प्रत्येक पायरीनंतर मुद्दाम एरर परत कर आणि सिसएफएसमधून (‘सिस’ फोल्डरातल्या फाइलींतून) ड्रायव्हर परत बाइंड कर.

उद्यमनगर_सोल्डर:
केलं. पाच जागी मुद्दाम फसवून पाहिलं, -१७ कुठंच नाही. ‘सिस/क्लास/डेव्हलिंक’मध्ये प्रोब फसल्यावर जेनपीडीची एकही नोंद उरत नाही, क्लॉकचं मॉड्यूल चढवलं की दोन येतात, स्टेटस ‘नॉट ट्रॅक्ड’, स्टेटलेसला तेच यायला हवं. परमिसिव्ह आता काढतोय. उद्या सकाळी बोर्ड शिरोलीला.