सीपॅपचा शोध भारीच, पण जन्मभर नाकाला नळी?

ढाराढूर: बाबांची स्लीप स्टडी (झोपेतला श्वास मोजायची तपासणी) झाली, स्लीप अ‍ॅप्निया निघाला, एएचआय ४२ आला. म्हणजे तासाला ४२ वेळा श्वास बंद पडतो नाहीतर कमी होतो, तोही प्रत्येक वेळी निदान १० सेकंद, आणि आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो की घोरायला लागले म्हणजे लागली गाढ झोप. डॉक्टर म्हणाले सीपॅप लावा, म्हणजे झोपेत मास्कमधून नाकात दाबानं हवा सोडणारं मशीन. मग हे मशीन काढलं कुणी ते वाचत बसलो. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन. आधी टोरांटोला कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासावर काम केलेलं. १९८० च्या जूनमध्ये एक पेशंट आला, तेव्हा खात्रीचा इलाज एकच, गळ्याला भोक पाडायचं, तो म्हणाला ते नको. मग यांनी व्हॅक्यूम क्लीनरचा ब्लोअर उलटा चालवून नाकात हवा सोडली आणि गडी रात्रभर झोपला. १९८१ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पेशंट किती, तर फक्त ५!
माणूस ग्रेट, वादच नाही. पण ४५ वर्षं झाली आणि आपण अजून तोच पंखा नाकाला बांधतोय? बरा तर कोणी होत नाही, मशीन काढलं की परत पहिले पाढे पंचावन्न.

नळीवाला: चष्म्यानं तरी डोळे कुठे बरे होतात हो? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, घसा आतून चिकटतो, हवेच्या दाबानं तो उघडा राहतो, एवढंच काम आहे. त्या ५ जणांना दाब लागला साडेचार ते १० सेंमी पाण्याचा. पेल्यात १० सेंमी खोल स्ट्रॉ बुडवून फुंका, तेवढाच जोर. एवढ्याशानं गळ्याचं भोक वाचतं आणि तुम्हाला अजून काय पाहिजे? मी ६ वर्षं वापरतोय. आधी सिग्नलला गाडी थांबली की डुलकी लागायची.

खवचट_काकू: तुम्हाला सूट झालं म्हणून सगळ्यांना होतं असं नाही. आमच्या ह्यांचं मशीन कपाटावर आहे, वर टॉवेल टाकून. हवा लीक होऊन डोळ्यात जायची, नाकावर वळ, पहाटे घसा कोरडाठाक. आणि हार्ट वाचतं म्हणून जे सांगतात ना, २०१६ ची सेव्ह नावाची मोठी ट्रायल बघा, २७१७ पेशंट, आधीच हार्टचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, सीपॅप लावून अ‍ॅटॅक-स्ट्रोक काही कमी झाले नाहीत.

नळीवाला: काकू, अर्धीच गोष्ट सांगताय. त्या लोकांनी मशीन वापरलं सरासरी ३.३ तास रात्रीला. अर्धी रात्र हेल्मेट हातात धरून गाडी चालवायची आणि मग हेल्मेटला नावं ठेवायची. शिवाय ज्यांना दिवसा फार झोप येते त्यांना ट्रायलमध्ये घेतलंच नव्हतं, खरा फायदा दिसतो तो त्यांनाच. आणि झोप व मूड त्या ट्रायलमध्येही सुधारला होता, ते पण सांगा.

खवचट_काकू: मग ३.३ तासच का वापरलं हाच तर माझा मुद्दा आहे! जे माणसाला रात्रभर सहन होत नाही ते औषध कागदावर कितीही भारी असू दे.

माहीमकर: मुंबईत डॉ. झरीर उदवाडियांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केलेला, २००४ ला आला, त्यात ७.५ टक्के पुरुषांना दिवसा झोप येण्यासकट हा आजार निघाला. म्हणजे ट्रेनच्या एका डब्यात किती झाले मोजा. वजन कमी करणं हाही इलाज आहेच, अमेरिकेत २०२४ च्या डिसेंबरमध्ये टिर्झेपटाईड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला लठ्ठ लोकांच्या अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. पण वजन उतरेपर्यंत रात्रीचं काय? आणि बारीक माणसांनाही होतो हो, जबडा लहान असला की.

ढाराढूर: वाचून थोडा नरम पडलोय. काल रात्री बाबांच्या खोलीत बसून मोबाईलवर मोजलं, एकदा २७ सेकंद काहीच आवाज नाही, पोट मात्र खालीवर, मग एकदम घुसमटल्यासारखे उठले आणि पाच मिनिटांत परत तेच. ट्रायल म्हणून १५ दिवस मशीन भाड्यानं आणतोय. बरा होत नाही याचा राग आहेच, तो आहे तिथेच. एकच अडचण, बाबांना भरघोस मिशी आहे आणि ती ते काढणार नाहीत. मास्क बसेल का?

नळीवाला: नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मागा, नेझल पिलो म्हणतात. माझीही मिशी शाबूत आहे.