‘मार्मिक’ हा शेरा विचाराला की विनोदाला?

काही मराठी संस्थळांवर प्रतिसादांना ‘मार्मिक’, ‘विनोदी’, ‘रोचक’, ‘माहितीपूर्ण’, ‘खवचट’ अशा श्रेणी देण्याची पद्धत आहे. ह्यातल्या ‘मार्मिक’बद्दल मला बोलायचं आहे. गेले काही महिने मी एक सवय लावून घेतली आहे. कुणी कशाला ‘मार्मिक’ म्हटलं की ते वाक्य वहीत उतरवून ठेवते. वही अर्धी भरल्यावर ध्यानात आलं, की उतरवलेल्या बहुतेक वाक्यांना मी आधी हसले होते.

म्हणून दोन प्रश्न एकत्रच मांडते. ‘मार्मिक’चा नेमका अर्थ काय? आणि चारचौघांत विनोदाला जास्त दाद मिळते की विचाराला, ह्या जुन्या वादात आपली भाषा कुणाच्या बाजूने बोलते?

ह्या श्रेणींचा एक जुना नमुना सांगते, कारण त्यात हाच वाद नियम होऊन बसलेला आहे. १९९७ साली अमेरिकेत स्लॅशडॉट हे संगणकवाल्यांचं बातम्या-चर्चांचं स्थळ सुरू झालं. तिथे वाचकांपैकीच काहींना आळीपाळीने प्रतिसादांवर शिक्के मारता येत: इन्साइटफुल (म्हणजे खोल विचाराचा), इंटरेस्टिंग, इन्फर्मेटिव्ह, फनी. प्रतिसादाचे गुण उणे १ पासून ५ पर्यंत जात. चांगला शिक्का बसला की लिहिणाऱ्याच्या खात्यावर ‘कर्मा’ जमा होई. पण ‘फनी’चा शिक्का बसला तर प्रतिसाद वर चढे, लिहिणाऱ्याचा कर्मा मात्र होता तेवढाच राही. मला हा नियम फार विचार करून केलेला वाटतो. विनोद वाचा, हसा, दुसऱ्यांनाही दिसू द्या. पण माणसाची पत त्यावर ठरवू नका, असं त्यात आहे. वाचकांनी त्यातूनही वाट काढलीच. एखादा विनोद फारच आवडला तर काही जण मुद्दाम ‘फनी’ऐवजी ‘इन्साइटफुल’ असा शिक्का मारत, म्हणजे लिहिणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडे.

(हा ‘कर्मा’ मराठीत परत आणायचा तर ‘कर्म’ म्हणून चालणार नाही. आपण ‘कर्म माझं!’ म्हणतो ते कपाळाला हात लावून. गाठीला बांधलं जातं, पदरी पडतं, ते पुण्य. स्लॅशडॉटवर विनोदाला हशा होता, पुण्य नव्हतं.)

आता मराठीकडे या. ‘इन्साइटफुल’च्या जागी आपल्याकडे ‘मार्मिक’ बसला. धर्मापासून धार्मिक, वर्षापासून वार्षिक, तसा मर्मापासून मार्मिक. पण मर्म म्हणजे नुसतं सार नव्हे. सुश्रुताने शरीरातली १०७ मर्मस्थानं सांगितली आहेत. तिथे घाव बसला की माणूस जायबंदी होतो, प्रसंगी दगावतो. मार्मिक बोलणाऱ्याला ती जागा ठाऊक असते आणि तो तिथेच बोट ठेवतो. मग कुणी कळवळतो, कुणी हसतो. १९६० साली मुंबईत बाळ ठाकरे यांनी व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं त्याचं नाव ‘मार्मिक’, आणि व्यंगचित्राला ते चपखल बसलं. म्हणजे स्लॅशडॉटच्या वाचकांना जी पळवाट शोधावी लागली, ती आपल्या शब्दाच्या पोटातच आहे. ‘मार्मिक’ म्हणताना आपण विचाराला गुण देतो आणि हसण्यालाही.

मग ज्या लिखाणात हसू अजिबात नाही, तीन बाजू तपासून शांतपणे काही सांगितलं आहे, त्याला कोणता शेरा द्यायचा? ‘अंतर्दृष्टिपूर्ण’ हा सरकारी तर्जुमा वाटतो. ‘विचारप्रवर्तक’ पुस्तकाच्या मलपृष्ठावर शोभतो, बोलताना तोंडात बसत नाही. ‘चिंतनीय’ म्हटलं की परिस्थिती चिंताजनक असल्यासारखं वाटतं.

क्रियापदंही बघा. हशा पिकतो, उसळतो. टाळी पडते, टाळी घेता येते. नाटकात ‘टाळीचं वाक्य’ असतं. वाहवा मिळवता येते. विचार मात्र नुसता पटतो, आणि पटण्याचा आवाज होत नाही. जुन्या वर्तमानपत्रांत भाषणांचे वृत्तांत येत, त्यांत कंसात (हशा), (टाळ्या), (हशा आणि टाळ्या) असं छापलेलं असे. ज्या वाक्यानंतर सभा गप्प झाली आणि लोक मनाशी काही ताडून पाहू लागले, त्या वाक्यापुढे छापायला कंस नव्हता. मला वाटतं, विनोदच जास्त आवडतो हा समज निम्मा तरी इथून आला आहे. हसण्याची मोजदाद सोपी आहे.

तुमच्याकडे काय म्हणतात ते सांगा. बोलीतले शब्द असतील तर फारच बरं.

प्रतिसाद १

तुम्ही ‘मोजदाद’ लिहिलंत आणि ‘दाद’ तशीच सोडलीत, म्हणून लिहितो. तीस वर्षं वकिली केली, हा शब्द रोजचा.

दाद हा फारसी शब्द. अर्थ न्याय. गाऱ्हाणं घेऊन जो जातो तो आजही न्यायालयात ‘दाद मागतो’. ज्याला विचारणारं कुणी नाही त्याची ‘दाद ना फिर्याद’. ‘ताप औषधाला दाद देईना’ म्हणजे ताप औषधाचं ऐकेना. तिन्ही ठिकाणी मुळाशी एकच गोष्ट आहे: समोरच्याचं म्हणणं ऐकून घेणं आणि त्याला त्याचं द्यायचं ते देणं. गाण्याला दाद देतो तेव्हाही आपण निवाडाच करतो. गवय्याने जे केलं ते कळलं, ते जमलं, असा.

त्यामुळे ‘विनोदाला जास्त दाद मिळते’ हे वाक्य मला शब्दाच्या दृष्टीने सैल वाटतं. विनोदाला हशा मिळतो. हसू आवरत नाही म्हणून माणूस हसतो. त्यात निवाडा कुठे आला? दाद द्यायची तर आधी ऐकावं लागतं, तोलावं लागतं.

धागालेखिका

काका, हे फार उपयोगी पडलं. ‘टाळी घेतो’ म्हणतात, ‘दाद घेतो’ असं कुणी म्हणत नाही, हे आत्ता लक्षात आलं. दाद मिळते किंवा मागावी लागते. द्यायची की नाही ते देणाऱ्याच्या हाती. मी वर शब्द ढिलाईने वापरला, मान्य.

एका मुद्द्यावर मात्र अडते. चांगल्या विनोदालाही आपण दाद देतो. हसून झाल्यावर क्षणभर थांबून ‘काय पकडलंय!’ म्हणतो ना, ती दादच. तेव्हा हसणं आणि दाद देणं ह्या एकामागून एक घडणाऱ्या दोन क्रिया असाव्यात. पुष्कळ विनोद पहिल्या क्रियेशीच संपतात.

प्रतिसाद २

एवढी चर्चा कशाला? समर्थांनी निकाल देऊन ठेवला आहे: टवाळां आवडे विनोद. विनोदाला जास्त पसंती मिळते कारण टवाळ जास्त आहेत.

धागालेखिका

हे वचन मी लहानपणापासून ऐकते आहे, बहुतेक वेळा कुणाला तरी गप्प करण्यासाठी वापरलेलं. पण शब्द नीट वाचू या. ‘टवाळांना विनोद आवडतो’ असं दासबोध सांगतो. ‘विनोद ज्याला आवडतो तो टवाळ’ असं त्यात नाही. मुंग्यांना साखर आवडते, म्हणून साखर खाणारा प्रत्येक जण मुंगी ठरत नाही. ती ओवी कुणाला काय गोड लागतं ते सांगते. टवाळाला विनोद, उन्मत्ताला नाना छंद.

‘विनोद’ ह्या शब्दाचं वयही बघायला हवं. संस्कृतात वि आणि नुद्, म्हणजे दूर सारणं, घालवणं. त्यातून मन रमवणं. ‘काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्’ ह्या सुभाषितातले बुद्धिमान लोक काव्यशास्त्रावर विनोद सांगत बसलेले नसतात, त्यात रमलेले असतात. आज आपण विनोद म्हणजे फक्त हसवणारं वाक्य असं धरून जुनी वचनं वाचतो, तिथे गल्लत होते.

आणि ज्यांनी मूर्खलक्षणं लिहिली त्यांना विनोदाचं वावडं होतं हे मला पटत नाही. ‘घरीं विवेक उमजे । आणि सभेमध्यें लाजे’ हे दुसऱ्या दशकातल्या पहिल्याच समासात आहे. घरी सगळं सुचतं आणि सभेत तोंड उघडत नाही, असा माणूस ओळखीचा म्हणून हसू येतं. मग जाणवतं, तो माणूस आपणच.

प्रतिसाद ३

ताई, ‘कोटी’ कुणी कशी आणली नाही? शब्दांवर कोटी करणं म्हणजे विनोद, आणि आम्ही ह्या प्रकाराला हलकं समजतो. पण न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, कोटी म्हणजे संशयाची एक बाजू. ‘हा खांब की माणूस’ अशी शंका आली की त्या शंकेच्या दोन कोटी. ‘कोटिक्रम’ म्हणजे युक्तिवाद, मुद्द्यांची रचना. एकाच शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर उभे करणं हे दोन बाजू उभ्या करण्यासारखंच, त्यामुळे शब्द वादसभेतून विनोदात कसा उतरला असेल ते समजतं. आज कोटी करणाऱ्याला हशा मिळतो आणि कोटिक्रम करणाऱ्याला ‘फार लांबड लावता हो’ असं ऐकावं लागतं.

प्रतिसाद ४

वरील प्रतिसादाशी सहमत. शिवाय ‘हशा’ आणि ‘हसं’ ह्यांतला फरक नोंदवा. ‘सभेत हशा पिकला’ ही वक्त्याची कमाई. ‘सभेत त्याचं हसं झालं’ ही नामुष्की. धातू तोच, हसणारे तेच, हसण्याचा आवाजही कदाचित तोच. त्यामुळे किती जण हसले एवढंच मोजलं तर मान्यता होती की अपमान, ते कळत नाही. फेसबुकवर २०१६ साली ‘हाहा’ची खूण आली. आता दुःखाच्या बातमीवर, गंभीर लेखावर लोक ती खूण दाबून जातात, तेव्हा तिथे ‘हसं’ अभिप्रेत असतं. नाट्यशास्त्रात भरताने हास्याचे सहा प्रकार केले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. आपल्याकडे सगळ्यांना मिळून एकच चेहरा.

अंगठ्याच्या खुणेचं तर विचारूच नका. अंगठा दाखवणं म्हणजे मराठीत सरळ फसवणं, हाती काही न देणं. आणि आपण वडीलधाऱ्यांनाही दिवसभर तो पाठवतो.

धागालेखिका

‘हसं’ आणि ‘हशा’ वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे. अतिहसितात डोळ्यांत पाणी येतं आणि स्मितात दातही दिसत नाहीत. भरताने उत्तम पुरुषाला दिलंय ते स्मित आणि हसित. म्हणजे मोठ्या आवाजाचा मान मोठा, असं तिथेही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. लिंक्डइन ह्या नोकरी-व्यवसायातल्या ओळखींच्या स्थळावर २०१९ मध्ये ‘इन्साइटफुल’ची खूण आली आणि ‘फनी’ची २०२२ मध्ये. म्हणजे तिथे विचाराला खूण आधी मिळाली. आपल्याला मात्र शब्दच हवा आहे. ‘मार्मिक’ विनोदाच्या शेजारीच राहू दे, तिथे तो सुखात आहे. निव्वळ विचारी लिखाणासाठी मी ‘डोळस’ सुचवते. डोळस श्रद्धा, डोळसपणे निर्णय घेणं, हे आपण सहज बोलतो. शब्द छोटा आहे, तर्जुम्याचा वास नाही, आणि त्यात कुणाला टोचण्याचा भाव नाही. ‘तुमचा प्रतिसाद डोळस आहे’ हे ऐकायला कसं वाटतं?

प्रतिसाद ५

मी अंध विद्यार्थ्यांना शिकवते. आमच्याकडे ‘डोळस’ म्हणजे ज्याला दिसतं तो, एवढंच. ‘ह्या वर्गात दोन डोळस स्वयंसेवक हवेत’ असं रोज बोलतो. माझे विद्यार्थी हा धागा यंत्राकडून वाचून घेत असतील. त्यांच्या एखाद्या सुंदर प्रतिसादावर ‘डोळस’ असा शेरा पडला तर काय वाटेल, ह्याचा विचार व्हावा. वाद घालायचा नाही, फक्त सांगावंसं वाटलं.

त्याऐवजी तुम्ही वर दिलेल्या ओवीतला ‘उमजणे’ का नको? आपण समज-उमज असं जोडीने म्हणतो, पण दोन्ही एक नाहीत. समजतं ते दुसऱ्याने सांगितलेलं. उमजतं ते आतून. मुलांना गणित समजतं सकाळी, आणि उमजतं कधीतरी बसमध्ये घरी जाताना.

धागालेखिका

‘डोळस’ मागे घेते. तुमचं म्हणणं मला आधीच सुचायला हवं होतं.

आणि ‘उमजलं’ हा शेरा मला फार आवडला. मी विशेषण शोधत बसले होते, लिखाणावर चिकटवायला. ‘उमजलं’ हे क्रियापद आहे आणि ते वाचणाऱ्याचं आहे. ‘मार्मिक’ म्हणताना मी लिहिणाऱ्याला गुण देते. ‘उमजलं’ म्हणताना माझ्यात काय घडलं ते सांगते. काकांनी सांगितलेल्या अर्थाने दादही हीच. फक्त ते लगेच होत नाही. वाचलं त्या दिवशी नुसतं समजतं, आणि उमजेपर्यंत पान उलटलेलं असतं. विचारी लिखाणाखाली शेरे कमी दिसतात त्याचं हेही एक कारण असावं.

सातारा जिल्ह्यात आमच्या गावी सप्ताह असे. एका वर्षी कीर्तनात बुवा म्हणाले, ‘माणूस देवापुढे एक नारळ ठेवतो आणि मागताना नारळाची बाग मागतो.’ मांडवात एवढा हशा पिकला, की टाळकऱ्यांनाही थांबावं लागलं. आजी माझ्या शेजारीच बसली होती, पदर तोंडाला लावून हसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मळ्याकडे निघालो. ओढा ओलांडेपर्यंत ती काही बोलली नाही. मग पुढे चालता चालताच, मागे न बघता म्हणाली, ‘त्यो बाग मागनारी म्याच की गं.’