शेतात सापडलेला मोडका चमचा: छंद की लूट?

सफोककर: परवा ऑफिसातल्या एकाबरोबर इथल्या, इंग्लंडातल्या सफोकच्या, नांगरलेल्या शेतात गेले होते. मालकाची परवानगी होती, धातू शोधायचं यंत्र त्याचं, फावडं माझ्या हातात. चार तासांत बिअरची झाकणं, एक शिशाची गोळी आणि शेवटी वीतभर खाली एक मोडका चमचा. वाटी अंजिराच्या आकाराची, सहापैलू दांडा अर्ध्यात तुटलेला, टोकाचा गोंडा गायब. धातू पितळेच्या जातीचा, आणि वाटीच्या आत पांढुरकी झाक. चक्क कल्हई! नोंदणी अधिकाऱ्यांनी पंधरावं शतक सांगितलं, फोटो, वजन, जागा टिपली आणि चमचा परत दिला. सोनं-चांदी नाही, त्यामुळे सापडलेला खजिना कळवणं सक्तीचं करणाऱ्या १९९६च्या ट्रेझर अ‍ॅक्टमध्ये बसत नाही. लोकांना सापडलेल्या वस्तू नोंदवायच्या ब्रिटिश म्युझियमच्या या योजनेत आजवर १५ लाखांवर वस्तू नोंदल्यात, बहुतेक हौशी लोकांनी आणलेल्या. नवरा म्हणतो, ही परवाना घेतलेली लूट. मला पटत नाही. तुमचं मत?

खापर: मी तुमच्या यजमानांच्या बाजूनं. दोन हंगाम उत्खननावर काढलेत. चमचा कुठल्या उकिरड्यात होता, शेजारी कसली हाडं, कसली खापरं, त्यावरून घर कळतं. नुसता चमचा म्हणजे पान फाडून घेतलेली पोथी. दुसरं म्हणजे, यंत्र फक्त धातूला ओरडतं. त्या काळी सामान्य माणूस लाकडी वाडग्यात जेवायचा, त्याचा आवाज येत नाही. ताटावरचं मुख्य हत्यार सुरी, तीही लोखंडाची. आणि ही मंडळी खिळ्यांचा त्रास नको म्हणून लोखंडाचा आवाजच बंद करून ठेवतात. मग नकाशावर दिसतं काय? माणसं नव्हे, यंत्राची आवड.

सफोककर: सुरीचा मुद्दा बिनतोड. पण पोथी नांगरानं आधीच फाडलीय हो! नांगराच्या थरात कसला उकिरडा नि कसलं घर? आम्ही त्याखाली खणत नाही. तो चमचा अजून दहा वर्षं तिथं राहिला असता तर खत आणि फाळ यांनी त्याचा चुरा केला असता.

थेम्सकाठ: इकडे नदीकाठी वेगळंच. प्यूटरची, म्हणजे मुख्यतः कथलाची, ताटं-चमचे त्या काळी खूप होते, पण जुनं झालं की मोडीत घालून नवं घ्यायचे, अगदी आपल्याकडच्या तांब्या-पितळेसारखं. म्हणून उरलं फार थोडं. थेम्सच्या गाळात हवा पोचत नाही, तिथं पडलेलं टिकलं. आता भरती-ओहोटी आणि बोटींच्या लाटा गाळच वाहून नेतात. बंदर प्राधिकरणाच्या परवान्यानं कुणी उचलून संग्रहालयाला दाखवत असेल तर बिघडलं कुठं?

खापर: दाखवतात ते दाखवतात. रात्री चोरून यंत्र फिरवणारे नोंद करायला येत नाहीत. आणि २०१० आठवा: कंब्रियातलं क्रॉस्बी गॅरेटचं रोमन शिरस्त्राण. कांस्याचं, म्हणून कायद्यात बसलं नाही. लिलावात सुमारे २३ लाख पौंडांना खाजगी हातात गेलं. अशा दुर्मीळ वस्तूंसाठी नियम बदलायला २०२३ उजाडलं.

सफोककर: मग मी १९९२ आठवते. इथल्याच हॉक्सनला एरिक लॉज यंत्र घेऊन शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेले, आणि लागली रोमन चांदी: डझनावारी चमचे, मिरपुडीच्या चार डब्या. (मिरी अर्थात आपल्या मलबारची.) थोडं काढल्यावर ते थांबले, कळवलं, आणि पुढचं खणणं तज्ज्ञांनी केलं. हातोडाही सापडला. आता तोही संग्रहालयात आहे!

एडिनबरावासी: स्कॉटलंडात सापडलेलं सगळं आधी राजाचं, धातू कुठलाही असो. वाद मिटला.

तांबट आळी: आपल्याकडे १८७८चा कायदा: जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा. खरं सांगा, विहीर खणताना तांब्याचं भांडं लागलं तर कोण कळवतो? थेट मोडवाल्याकडे. त्यापेक्षा सफोकची वही बरी, अर्धवट असली तरी.

खापर: वही बरी, हे मान्य. यंत्राला परवाना आणि नोंद सक्तीची, हे झालं तर माझं भांडण संपलं. तोवर नाही.

सफोककर: सक्तीला माझी हरकत नाही. नवऱ्यालाही सांगते.

खापर: आणि तो चमचा चिंचेनं घासू नका. कल्हई जाईल.

सफोककर: पितांबरी हातात घेतली होती. ठेवली परत.