ऑपेरासाठी आवाज आणि अभिनय: एकच प्रशिक्षक की वेगवेगळे? (वय १९, सोप्रानो)

सूरपारंबी
मी १९ वर्षांची विद्यार्थिनी, ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकासाठी सल्ला हवा आहे. पाश्चात्त्य गायनाचं शिक्षण तीन वर्षं झालंय, आवाज हलका सोप्रानो (स्त्रियांचा सगळ्यात वरच्या पट्टीतला आवाज). सध्या एकच शिक्षिका, आठवड्यातून एक तास. पियानोजवळ उभं राहून गाताना सगळं ठीक असतं. भूमिका म्हणून, हालचालींसकट गायला सुरुवात केली की श्वास छातीत वर चढतो, हनुवटी पुढे येते आणि वरचे सूर ताणले जातात. अभिनयासाठी वेगळा माणूस शोधावा का? पहिल्या तासात काय पारखायचं? ऑनलाइन शिकवणी कितपत चालते?

खर्जवाला
'प्रशिक्षक' या शब्दात तीन वेगळी कामं आहेत, ती आधी सुटी करा. गायनशिक्षक आवाज घडवतो: श्वास, स्वरांची जोडणी, पासाज्जो म्हणजे आवाज जिथे कूस बदलतो ती जागा. कोच बहुधा पियानोवर बसलेला असतो. वाद्यवृंदाची बाजू वाजवत तो लय, भाषा, शैली आणि रेचितातिवो (बोलल्यासारखं गायचा भाग) बसवून घेतो. तिसरा अभिनयाचा. तिन्ही कामं उत्तम करणारी व्यक्ती फार क्वचित भेटते, त्यामुळे तिच्या शोधात वर्ष घालवू नका.

तंत्राचा शब्द मात्र एकाचाच चालला पाहिजे. कोचनं 'इथे श्वास कमी पडतोय' एवढं जरूर सांगावं, पण त्यावरचा उपाय गायनशिक्षिकेकडून यावा. दोघं श्वासाच्या दोन पद्धती शिकवू लागले की या वयातला आवाज दोन महिन्यांत गोंधळतो.

आठवड्याच्या एका तासाऐवजी ४५ मिनिटांचे दोन तास घ्या. नवी सवय लागत असताना मध्ये सात दिवस गेले, तर चुकीचीच उजळणी होत राहते. कोच पंधरवड्यातून एकदा पुरे, तोही सूर आणि शब्द पाठ झाल्यावर. कोचच्या तासात सूर शोधत बसणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया. अभिनय शक्यतो गटात शिकावा, कारण समोर ऐकणारं माणूस नसेल तर अर्धा अभिनय शिकताच येत नाही.

रंगपट
खर्जवाल्यांशी सहमत. फक्त 'आधी आवाज पक्का करा, अभिनय नंतर बघू' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आवाज एका ठरावीक उभ्या पवित्र्यात पक्का झाला की पुढे प्रत्येक हालचाल त्याला धक्का देते. इथे नेमकं तेच होतंय. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीनं १९१८ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई ऑपेरागृहाच्या गायकांसाठी स्टुडिओ सुरू केला, तेव्हापासून ऑपेरातल्या अभिनयाचं एक सूत्र पक्कं आहे: हालचाल संगीतातून निघाली पाहिजे. नाटकवाला प्रशिक्षक निवडताना तो स्वरलिपी वाचतो का, हे म्हणूनच आधी विचारा. वाद्यांच्या चार मात्रांत पात्र काय ठरवतं, हे त्याला संगीतातून दाखवता आलं पाहिजे.

तुमच्या अडचणीवर चांगला प्रशिक्षक साधारण असं काम करेल. आधी प्रत्येक शब्दाचा अर्थ ओळीखाली लिहायचा आणि प्रत्येक वाक्याला एक क्रियापद द्यायचं: विनवते, लपवते, दटावते. 'दुःखी' किंवा 'आनंदी' लिहायचं नाही. भावना थेट ओढून आणायला गेलं की गळा रडल्यासारखा आवळतो. मग स्वर न लावता, मूळ लयीत, चालत चालत ओळी बोलायच्या. नवा विचार आला की दिशा बदलायची आणि वळतानाच श्वास घ्यायचा.

त्यानंतर ५-६ मिलिमीटर व्यासाची नळी (स्ट्रॉ) ओठांत धरून तीच चाल, त्याच हालचालींसकट गायची. (नाक चिमटीत धरलं तरी आवाज तसाच राहिला पाहिजे. बंद पडला तर हवा नाकातून गळत होती.) जिथे नळीतला प्रवाह अडखळेल, तिथली हालचाल दोषी. ती काढा किंवा श्वासाच्या आधी आणा. हे जमलं की फक्त स्वरवर्ण आणि सगळ्यात शेवटी शब्द. एका तासात आठ ओळींच्या पुढे जाऊ नये.

हनुवटी पुढे येते ती बहुधा डोळ्यांमुळे. कंडक्टरला (वाद्यवृंदाच्या संचालकाला) शोधताना नजरेमागे मान जाते. भिंतीला पाठ लावून, डोक्यामागे घडी घातलेला रुमाल ठेवून ओळ गा, मग मान तशीच ठेवून एक पाऊल पुढे या. गुडघे ताठ झालेत का तेही बघा, ते ताठ झाले की पोट अडकतं. हात खांद्याच्या वर जाणार असतील तर श्वासाबरोबर उचला. वरच्या सुरावर उचललेला हात गळपट्टीचं हाड आणि छाती दोन्ही वर ओढतो. चित्रीकरण बाजूनं करा. समोरून मानेची चूक दिसतच नाही.

सरावाला मोत्सार्टच्या 'ले नोत्झे दी फिगारो' या ऑपेरामधलं बार्बारीनाचं 'लो पेर्दूता' घ्या. चौथ्या अंकाची सुरुवात, अंधारी बाग, मुलगी हरवलेली टाचणी शोधतेय. छोटंसं आहे, सूर फार वर जात नाहीत, पण खाली वाकून शोधत गायचं असल्यानं कंबरेतून वाकता की मानेतून, ते लगेच उघडं पडतं. १७८६ च्या पहिल्या प्रयोगात ही भूमिका करणारी आना गोटलीब १२ वर्षांची होती! गाणं पुरं होण्याआधी फिगारो येतो आणि सूर अधांतरी राहतो. तो तुटलेपणा कसा सांभाळायचा, यावर कोचसोबत एक अख्खा तास घालवावा असा तो क्षण आहे.

सूरपारंबी
फार मोलाचं लिहिलंत. नळीचा प्रयोग आजच सुरू करते. एक शंका: उद्या कोचनं वरच्या सुरांवरही स्वच्छ 'ई' मागितली आणि शिक्षिकांनी तोंड उघडायला सांगितलं, तर? कुणाचं ऐकायचं?

उच्चारवेडा
शिक्षिकेचं. 'ई' ओळखू येते ती तिच्या साधारण ३०० हर्ट्झच्या पहिल्या अनुनादामुळे (तोंडा-घशाच्या पोकळीतलं घुमणं). वरचा A हा सूर ८८० हर्ट्झचा असतो, म्हणजे मूळ सूरच त्या अनुनादाच्या कितीतरी वर. तिथे शुद्ध 'ई' कुणालाच ऐकू येत नाही, जबडा मिटला तर फक्त आवाज बारीक होतो. शब्द कळतात ते आधीच्या व्यंजनामुळे आणि खालच्या सुरांवरच्या स्वरांमुळे. कोचला हे माहीत असायला हवं.

इटालियनमध्ये मराठी जिभेला मोठा फायदा आहे. आपले त, द दातांवरचेच आहेत, इंग्रजी वळणाचे ट, ड आणू नका. जोडव्यंजनं देवनागरीत लिहून काढा: 'सोनो' म्हणजे 'मी आहे', 'सोन्नो' म्हणजे झोप. पण ए आणि ओ यांचे उघडे-मिटके भेद देवनागरीत नीट उतरत नाहीत, त्यासाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकवणाराच कोच बघा. 'व्ह'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकून घर्षण व्हायला हवं, आपला 'व' तिथे मऊ पडतो. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा द हा त होतो.

ऑनलाइनचं म्हणाल तर उच्चार, अर्थ आणि रेचितातिवोसाठी उत्तम. गाताना मात्र ॲपमधली गोंगाट कमी करणारी सोय बंद करा, ती लांब धरलेला सूर गोंगाट समजून कापते. फोन मीटरभर दूर ठेवा. पलीकडून पियानोची थेट साथ जमत नाही, आवाज उशिरा पोचतो. साथीचं ध्वनिमुद्रण तुमच्या खोलीत वाजायला हवं. आवाज वाद्यवृंदापलीकडे पोचतो का, हे मोठ्या दालनात ८-१० मीटरवरून ऐकल्याशिवाय कोणताही शिक्षक सांगू शकत नाही.

खर्जवाला
पहिल्या तासाचं राहिलं. चांगला शिक्षक आधी वय, सध्याची गाणी, घशाच्या तक्रारी, औषधं विचारतो. मग एक सूचना देतो, तीच ओळ पुन्हा ऐकतो, फरक पडला नाही तर सांगण्याची तऱ्हा बदलतो. एका दमात सहा दोष सांगणाऱ्याकडे काय करायचं ते कळतच नाही. ध्वनिमुद्रणाला नकार, १९ व्या वर्षी 'तू ड्रामॅटिक सोप्रानो' (जड, दमदार आवाजाची) असा शिक्का, पहिल्याच महिन्यात पुच्चिनीच्या ऑपेरांतल्या मोठ्या भूमिका, स्पर्धा जिंकून देण्याची हमी: यांपैकी काहीही दिसलं तर दुसरीकडे जा. मोठे, जड आवाज तिशीच्या आसपास पिकतात. त्याआधी घाई केली की कंप रुंद होतो आणि मधले सूर पोकळ पडतात.

तासानंतरची तपासणीही ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी एखादी सोपी ओळ वरच्या पट्टीत, शक्य तितक्या हलक्या आवाजात गा. सूर लगेच न लागता आधी नुसती हवा येत असेल, तर स्वरतंतूंना सूज असू शकते, त्या दिवशी गाणं बंद. घरचा रियाज २०-२० मिनिटांच्या तुकड्यांत, दिवसाला तासाभराच्या आसपास. उरलेला अभ्यास मुक्यानं, स्वरलिपी समोर ठेवून. घोगरेपणा दोन आठवडे टिकला किंवा गाताना दुखलं, तर शिक्षक बदलण्याआधी स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची तपासणी) करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

रंगपट
एक पुरवणी. अभिनयाच्या तासाला महिन्यातून एकदा तरी गायनशिक्षिकेला बसवा, किंवा बाजूनं केलेलं चित्रीकरण त्यांना पाठवा. आधी आवाज बंद करून बघायला सांगा, मग डोळे मिटून ऐकायला. हालचाल आणि श्वास कुठे भांडतात ते त्यांना मिनिट-सेकंदासकट सांगता येईल, आणि दोघांची दुरुस्ती एकाच ओळीवर होईल.