मदत हवी आहे: आंब्याखाली पाला उलथणारा केशरी पक्षी कोणता? (तातडीने)

अळूचं_फदफदं: तीन दिवस रोज सकाळी येतोय. पोट केशरी, पाठ निळसर. खिडकी उघडली की गायब. ॲप रोज वेगळं नाव सांगतंय. नाव सांगा आणि फोटो कसा काढायचा तेही. रविवारी पाहुण्यांना दाखवायचाय.

टेकडीकर: कुठला भाग? आकार केवढा? शेपटी? जमिनीवर की फांदीवर? फोटो कुठाय?

अळूचं_फदफदं: कोथरूड. फोटो हललाय म्हणून टाकला नाही.

रानजाई: हललेला टाका. आकार आणि ठेवण तरी कळते.

निळू७: टिकेलचा निळा माशीमार. केशरी छाती, निळी पाठ. आणखी कोण असणार?

टेकडीकर: माशीमार चिमणीएवढा. खालच्या फांदीवर बसून झेप घेतो, पाला उलथत नाही. शिवाय त्याचं पोट पांढरं, केशरी फक्त गळा आणि छाती.

हिरवा_कोपरा: नवरंगच! बाजरी टाका, रोज येईल.

टेकडीकर: जानेवारीत नवरंग? तो हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढतो, आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो. पाठही हिरवी, निळी नव्हे. आणि बाजरीवर पारवे येतील. हे पक्षी किडे, गांडुळं, गळलेली फळं खाणारे.

सोसायटी_सचिव: पारव्यांवरून आठवलं, बाल्कनीला जाळी बसवायची आहे. किती एमएमची घ्यावी?

रानजाई: त्यासाठी वेगळा धागा काढा.

अळू, दोनच गोष्टी बघा. गाल पांढरा आणि त्यावर दोन काळपट उभ्या रेघा आहेत का? खांद्याजवळ पांढरा पट्टा आहे का? दोन्ही असतील तर केशरी डोक्याचा कस्तुर. बुलबुलाएवढा, पण अंगाने भरलेला. चोचीने पान बाजूला फेकतो, थबकतो, मान तिरकी करतो, मग दोन उड्या. मादीची पाठ निळी नसून तपकिरी-हिरवट. ॲपचा गोंधळ बहुधा यामुळे की उत्तरेकडच्या कस्तुराचा चेहरा सगळा केशरी असतो. रेघा आपल्या द्वीपकल्पातल्या उपजातीला.

निळू७: तेवढं बघण्याआधीच उडतो. स्पीकरवर त्याची शीळ लावा, समोर येईल.

रानजाई: अजिबात नको. आपल्या हद्दीत दुसरा घुसला समजून तो खाणं सोडून शोधत बसतो, नाहीतर जागाच सोडतो. पाला राहू द्या, पुरे. चार बोटं जाडीचा, किंचित ओलसर. रोज झाडून नेलात तर किडे जातात, मग पक्षी कशाला थांबेल?

अळूचं_फदफदं: फोटोचं कोणी बोलतच नाहीये.

टेकडीकर: खिडकी उघडू नका, तिथेच चुकतंय. काच पुसा, फ्लॅश बंद करा, फोनची लेन्स काचेला टेकवा म्हणजे प्रतिबिंब येत नाही. खोलीतला दिवाही बंद. कॅमेरा असेल तर शटर १/२५० सेकंद, आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत वाढू द्या. आंब्याखाली उजेड कमी, म्हणून फोटो हलतो. पक्षी थबकतो त्या क्षणी दाबा, उडी मारताना नको. पाहुण्यांना साडेसहाला उठवा, आठनंतर माळीकाम सुरू झालं की संपलं.

हिरवा_कोपरा: मातीचं पसरट ताट ठेवा, झुडपाला चिकटून. दुपारी अंघोळीला येतो.

टेकडीकर: ताट बरोबर, जागा चूक. झुडपात मांजर दबा धरते. दीड-दोन मीटर लांब ठेवा. पाणी दोन बोटंच, मध्ये एक खडबडीत दगड, आणि रोज ओतून बदला, नाहीतर डास.

अळूचं_फदफदं: काचेतून पाहिला. गालावर दोन रेघा आहेत! खांद्यावर पांढरंही दिसलं. पण ताट कालच झुडपाशी ठेवलं होतं आणि शेजारचा बोका तिथेच बसलाय.

रानजाई: ताट आत्ताच हलवा. बोक्याला हाकलायला बाहेर पळू नका, कस्तुर आधी उडेल.