मदत हवी आहे: ओव्हनमधले बटाटे ताटात पडेपर्यंत सादळतात

मंडळी,

शनिवारी घरी आठ जण जेवायला येणार आहेत. मुख्य पदार्थाच्या जोडीला, तोंडी लावायला, ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे करायचं ठरवलंय. वरचं कवच खरपूस, काट्याने दाबलं की कर्रकन फुटणारं, आणि आतून पिठूळ मऊ, असे हवेत. तळायचे नाहीत, कारण येणाऱ्यांपैकी दोघांना तळकट चालत नाही. शिवाय पाहुणे बसलेले असताना मी घाणे काढत उभी राहणार, हे मला नको आहे.

गेल्या दहा दिवसांत तीनदा करून पाहिले. तिन्ही वेळा फसले.

पहिल्यांदा बटाटे सोलून दोन सेंटिमीटरच्या फोडी केल्या, धुतल्या, तेल, मीठ, मिरपूड आणि ठेचलेला लसूण चोळून २०० अंशांवर ३५ मिनिटं ठेवल्या. रंग सुरेख आला. लसूण मात्र जळून कडू झाला. ट्रे काढला तेव्हा फोडी कडक लागत होत्या, पण वाढून पाच मिनिटं होत नाहीत तोच मऊ पडल्या. वरचा पापुद्रा तर चिवटच झाला.

दुसऱ्यांदा कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं. ते जागोजागी पांढरंच राहिलं आणि खाताना जिभेला कोरडं पीठ लागत होतं.

तिसऱ्या वेळी बटाटे आधी अख्खे, पूर्ण उकडून घेतले. फोडी करतानाच गिच्च झाल्या. ट्रेमधल्या फॉइलला चिकटल्या आणि उलटताना जो काही कुरकुरीत थर धरला होता तो फॉइलवरच राहिला. त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण चव खरोखर छान होती.

माझा ओव्हन ओटीजी आहे. वर-खाली दोन्हीकडे कॉइल आणि आत फॅन आहे. नक्की कुठे चुकतंय? कच्चे भाजायचे की उकडून? तापमान किती ठेवायचं? ज्यांना नेहमी जमतं त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी थोडी माहिती द्या. बटाटे किती होते आणि ट्रे केवढा? प्रीहीट किती वेळ केलात? बटाटे जुने की नवे, आणि ते ठेवता कुठे? भाजून झाल्यावर वाढेपर्यंत कशात ठेवले होते?

धागाकर्ती

बटाटे दीड किलो, सगळे एकाच ट्रेमध्ये. फोडी एकमेकींवर आल्या होत्या, मधून मधून हलवत होते. प्रीहीट दिवा जाईपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटं. बटाटे फ्रिजमध्ये असतात. नवे आहेत, साल नखाने निघते इतकी पातळ. भाजून झाल्यावर गार होऊ नयेत म्हणून खोलगट भांड्यात काढून वर झाकण ठेवलं होतं.

प्रतिसाद २

मग उत्तर तुमच्याच माहितीत आहे. तिन्ही वेळा बटाट्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळालेली नाही.

फोडीचा वरचा भाग ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या वर जातच नाही. खरपूस रंग आणि वास साधारण १४० अंशांपासून पुढे झपाट्याने येतो. म्हणजे आधी पृष्ठभाग पूर्ण वाळला पाहिजे. दीड किलो फोडी एका ट्रेमध्ये एकमेकींवर असतील तर त्या एकमेकींच्या वाफेवर शिजतात, भाजल्या जात नाहीत. आणि वर झाकण ठेवलंत, तिथे उरलंसुरलं कवचही संपलं. आतली वाफ बाहेर आली, झाकणाला लागून पाणी झाली आणि परत बटाट्यावर पडली.

आता माझी पद्धत. बरीच वर्षं अशीच करतो आहे.

फोडी मोठ्या ठेवा, चार-पाच सेंटिमीटरच्या. मध्यम बटाट्याचे चार तुकडे पुरेत. लहान फोडींत कवचाच्या मानाने आतला मऊ भाग उरतच नाही. दोन लिटर पाण्याला उकळी आणून दोन मोठे चमचे मीठ आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. त्यात फोडी टाकून पुन्हा उकळी आल्यापासून दहा मिनिटं. सुरी टोकाला सहज शिरली पाहिजे, पण उचलताना फोड मोडता कामा नये. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटतं. आतला भाग जेमतेम शिजतो तेव्हाच बाहेरचा थर विरघळायला लागलेला असतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. सोडा मात्र मापातच घाला. जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

चाळणीत निथळून फोडी दहा मिनिटं तशाच उघड्या सोडा. ही पायरी घाईत वगळू नका. वाफ निघून जाते आणि ओला चकचकीतपणा जाऊन फोडी निस्तेज, पांढुरक्या दिसायला लागतात. मग त्या रिकाम्या पातेल्यात घाला, तेल ओता, झाकण लावा आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून चांगलं हिसडा. झाकण काढल्यावर कडा भुरभुरलेल्या आणि प्रत्येक फोडीला पातळ पिठल्यासारखा लेप बसलेला दिसेल. हा लेप म्हणजे शिजलेला स्टार्च आणि तेल. ओव्हनमध्ये तोच वाळून काचेसारखा ठिसूळ होतो. तुम्ही वरून कॉर्नफ्लोअर लावलंत ते ह्यासाठीच, पण ते कोरडं राहिलं. बटाट्याचा स्वतःचा स्टार्च आधीच ओला होऊन शिजलेला असतो, म्हणून तो एकजीव बसतो.

फॅन लावून २०० ते २१० अंश, फॅनशिवाय २२०-२३०. ट्रे आतच तापू द्या. फोडींमध्ये बोटभर अंतर ठेवा. पहिली २० मिनिटं अजिबात हात लावू नका. कवच धरलं की फोड आपोआप ट्रे सोडते, त्याआधी उचललीत तर फाटते. फॉइलवर तुमचं तेच झालं. फॉइल काढाच, थेट धातूच्या ट्रेवर भाजा. मग उलटून आणखी २५ ते ३५ मिनिटं.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मी सोडा वापरत नाही. मला ती चव कळते. नुसत्या मिठाच्या पाण्यात तीन-चार मिनिटं जास्त उकळले तरी कडा भुरभुरतात. फरक पडतो तो बटाट्याने.

ताई, पातळ सालीच्या नव्या बटाट्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी असतो. तो शिजून आकार धरून राहतो, पिठूळ होत नाही. ह्या कामाला जुना, जाड सालीचा बटाटा घ्या. शंका असेल तर ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडा. पिठूळ बटाटा जड असतो, तो बुडतो. कमी स्टार्चचा तरंगतो.

आणि फ्रिजमधून बाहेर काढा. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. मग ओव्हनमध्ये रंग फार लवकर येतो आणि झाले असं वाटून आपण ट्रे काढतो. आत पाणी तसंच असतं. तुमचा रंग सुरेख आला आणि तरी सादळले, ह्यामागे हेही असू शकतं. अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवलेलेच वापरा.

प्रतिसाद ४

फक्त लसणाबद्दल. तेलात बारीक चिरलेला लसूण मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परता आणि लगेच गाळा. ते तेल फोडींना लावायचं, लसूण बाजूला ठेवायचा आणि बटाटे ओव्हनमधून काढल्यावर त्यात टाकून हलवायचं. वास पूर्ण उतरतो, कडू होत नाही. मिरपूडही शेवटीच. लोणी वापरणार असाल तर तेही शेवटी, त्यातला दुधाचा अंश एवढ्या तापमानाला जळतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अर्धा किलोची चाचणी केली.

आधी ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवून पाहिला. दिवा गेला तेव्हा खूण २०० वर आणि आतलं तापमान १७०! खूण २३० वर नेऊन आणखी पंधरा मिनिटं थांबले तेव्हा २१० दिसलं. म्हणजे इतके दिवस मी बटाटे भाजतच नव्हते.

जुने बटाटे, सोडा घालून. चाळणीत वाफ जाऊ देताना मला शंका येत होती, कडा फारच मोडल्यासारख्या दिसत होत्या. पातेल्यात हिसडल्यावर तो लेप दिसला आणि प्रतिसादातलं वाक्य न् वाक्य पटलं. वीस मिनिटांनी उलथनं घातलं तर फोड सहज सुटली आणि खालची बाजू खडबडीत सोनेरी. ५२ मिनिटांनी ट्रे काढून हलवला तर फोडी खडखड वाजल्या. मुलीने एक फोड मोडली, त्याचा आवाज मला ओट्यापाशी ऐकू आला. अर्ध्या तासाने उरलेली फोड खाल्ली, तेव्हाही कड कुरकुरीत होती.

आता एकच अडचण. अंतर ठेवून लावल्या तर माझ्या ट्रेमध्ये पाऊण किलोच्या वर मावत नाहीत. आठ जणांना एकदम गरम कसे द्यायचे?

प्रतिसाद २

वा! फार आनंद झाला. मुलीची पसंती मिळाली म्हणजे काम झालं.

दोन खेपा करा. उकळणं, वाळवणं, हिसडणं सगळं दुपारीच उरकून फोडी ताटात पसरून उघड्याच फ्रिजमध्ये ठेवा. उकडलेल्यांना त्याने काही होत नाही, उलट वरचा लेप आणखी वाळतो. जेवणाच्या पावणेदोन तास आधी पहिली खेप लावा आणि फिकट सोनेरी झाली की, साधारण ४० मिनिटांनी, काढून जाळीवर पसरा. झाकू नका. दुसरी खेप पूर्ण भाजून काढा, ती जाळीवर ठेवा आणि पहिली त्याच तापलेल्या ट्रेमध्ये आठ-दहा मिनिटं परत घाला. पाहुण्यांना ताटांवर बसवूनच ती काढा. मग दोन्ही एकत्र करून वरून लसूण, मिरपूड आणि थोडं मीठ. वाढायला पसरट ताट घ्या, खोलगट भांडं नको.

धागाकर्ती

असंच करते. जाळी आहे घरी. रविवारी इथेच कळवते.