आजीच्या हातावरचे ‘गंगा’: अर्थ ठाऊक नसलेले गोंदण आपण घ्यावे का?

प्रश्न – उमरेडरोड

नमस्कार. माझी आजी, म्हणजे आईची आई, दोन वर्षांपूर्वी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेली. तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटे वर, एक गोंदण होते. मध्ये एक लहान फुली, तिच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके आणि खाली ‘गंगा’ ही दोन अक्षरे. लहानपणी मी तिच्या कुशीत झोपत असे, तेव्हा त्या ठिपक्यांवरून बोट फिरवल्याशिवाय मला झोप लागत नसे. तिच्या जाण्याला दोन वर्षे पूर्ण होताना तेच गोंदण त्याच जागी आपल्या हातावर काढून घ्यावे असे मनाने घेतले आहे.

अडचण अशी की आजीचे नाव सरस्वती होते. रेशन कार्डावर, शेताच्या सातबाऱ्यावर आणि आम्ही छापलेल्या निधनपत्रिकेवरही सरस्वतीच आहे. मग ही गंगा कोण, याचे उत्तर घरात कोणापाशी नाही. आई म्हणते की ते नदीचे नाव असावे, कारण काशीला जायची आजीला फार इच्छा होती. मामा म्हणतात की तिची एक मुलगी तान्हेपणी गेली, तिचे नाव असेल. मी स्वतः एकदा तिला विचारले होते, तेव्हा मी सातवीत असेन. ती हसली, पदर हातावर ओढून घेतला आणि मला दळण आणायला पाठवले.

तेव्हा जाणकारांना विचारावेसे वाटते की जुन्या गोंदणात स्वतःचे नाव सोडून दुसरे नाव काढण्याची आपल्या भागात काही रीत होती का, आणि ज्या खुणेचा अर्थ आपल्याला माहीत नाही ती खूण जन्मभरासाठी अंगावर घेणे बरोबर आहे का? माझ्याजवळ तिच्या हाताचा एकच फोटो आहे. त्यात अक्षरे दिसतात, पण दुसरा ‘ग’ जरा कलल्यासारखा आणि पुसट दिसतो.

उत्तर – शाईवाला

मी नऊ वर्षांपासून धरमपेठेत टॅटू काढतो, म्हणून आधी कामाचे सांगतो. सुईने शाई कातडीच्या वरच्या थरात सोडली तर ती काही आठवड्यांत निघून जाते, कारण तो थर सारखा झडत असतो. त्यामुळे ती खालच्या थरात जावी लागते. तिथे शरीरातल्या संरक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात आणि त्या पेशी मेल्या की नव्या पेशी तेच कण उचलतात. आजीचे गोंदण ऐंशी वर्षे टिकले ते याच कारणाने. ते काळ्याऐवजी हिरवट-निळे दिसत असेल. दिव्याच्या काजळीचे काळे कण कातडीखाली खोल बसले की वरून प्रकाश विखुरून ते निळसर दिसतात.

पुढची गोष्ट देवनागरीची. वर्षे जातात तशा रेषा थोड्या पसरतात आणि ‘गंगा’मधला अनुस्वार शिरोरेषेला फार जवळ काढला तर दहा-पंधरा वर्षांत दोन्ही एकमेकांत मिसळतात. मूळ अक्षरे नखाएवढी असतील तर ती किंचित मोठी घ्यावी लागतील, हे मनाशी धरून या. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढली जाते की नाही आणि शाई नव्या टोपणात ओतली जाते की नाही, हे स्वतः पाहा. कावीळ ब आणि क यांची लागण वापरलेल्या सुईतून होऊ शकते, आणि जत्रेतल्या ठेल्यावर एकाच सुईने दिवसभर काम चालते हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. आणखी एक विनंती, नागपूरच्या मे महिन्यात हे काम करू नका. घामाने खपली ओली राहते आणि रंग जागोजागी उडतो.

अर्थाविषयी एवढेच सांगतो की माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांना पुढे कधी पस्तावा झाला नाही, ते बहुधा कोणाच्या तरी हाताची खूण घेऊन आलेले असतात. मागच्या वर्षी एक गृहस्थ वडिलांची सही घेऊन आले. ती बँकेच्या पासबुकावरची होती आणि अर्धांगवायूनंतर केलेली असल्याने तिचे शेवटचे अक्षर ओळीखाली घसरले होते. मी सवयीने विचारले की हे अक्षर सरळ करून देऊ का. ते म्हणाले, “तेवढंच तर त्यांचं आहे.” तेव्हापासून मी कोणाचेही अक्षर सुधारून देण्याची गोष्ट आपणहून काढत नाही. तुमच्या फोटोतला कललेला ‘ग’ तसाच घ्यायचा की सरळ करायचा, हे तुम्ही ठरवा आणि घाई करू नका.

उत्तर – दीक्षाभूमी१४

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावे असे वाटले, कारण आमच्या घरात तो प्रश्न उलट बाजूने उभा राहिला होता.

माझ्या उजव्या हातावर ‘जय भीम’ आहे. 2006 साली धम्मदीक्षेला 50 वर्षे झाली, त्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीबाहेरच्या एका दुकानात मी ते काढून घेतले. त्या वेळी मी बारावीत होतो. गर्दीत मागून लोक ढकलत होते आणि काढणारा एका हाताने मशीन व दुसऱ्या हाताने माझे मनगट धरून होता. मला त्याचा अर्थ कोणी विचारला तर सांगायला एक वाक्य पुरते आणि नागपुरात तर तेही सांगावे लागत नाही. नोकरीसाठी पुण्याला गेलो, तेव्हा घर भाड्याने बघायला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा की नाही, असा विचार माझ्या मनात आला होता. मी अर्ध्या बाह्यांचाच घातला. त्या खुणेचा पुरता अर्थ मला त्या दिवशी कळला.

पण मला सांगायचे आहे ते माझ्या आजीविषयी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी ती आजोबांबरोबर पायी नागपूरला आली आणि बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञा तिने उभी राहून म्हटल्या. घरी परतल्यावर देव्हाऱ्यातले सगळे देव विहिरीत सोडले गेले. मात्र तिच्या दंडावर लहानपणी गोंदवलेली राम-लक्ष्मणाची जोडी होती आणि ती विहिरीत सोडता येणार नव्हती. राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही ही दुसरी प्रतिज्ञा तिने आयुष्यभर पाळली, तरी ती जोडी तिच्या दंडावरच राहिली. वस्तीतल्या एका कार्यकर्त्याने तिला एकदा यावरून टोकले, तेव्हा ती म्हणाली, “हे देवानं नाही काढलं, माह्या मायनं काढून देल्लं.” त्यानंतर तो विषय आमच्या घरात कोणी काढला नाही.

तुम्ही अर्थ ठाऊक नाही म्हणता, पण ठिपक्यांवरून बोट फिरवत झोपण्याची जी गोष्ट तुम्ही लिहिली, ती माझ्या दृष्टीने पुरेशी आहे. तुमच्या हातावर त्याचा अर्थ तोच राहील.

उत्तर – निवृत्त_शिक्षिका

वरील दोन्ही उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत, तरीही मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. माझे वय 73 आहे आणि माझ्या हनुवटीवर एक व हातावर पाच ठिपके आहेत. ते मी मागितले नव्हते.

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी दिवाळीनंतर गोंदणारीण येत असे. तिच्या बोचक्यात दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन सुया आणि काजळीची डबी असायची. पायलीभर धान आणि एक जुने लुगडे हा तिचा मोबदला. मी नऊ वर्षांची होते. काकूने पाय धरले, मोठ्या आईने डोके मांडीवर दाबून ठेवले आणि आणखी दोघींनी हात धरले. मी ओरडू लागले तशी गोंदणारीण गाणे म्हणू लागली, आणि ते गाणे माझे रडणे झाकण्यासाठी आहे हे मला त्या वयातही समजले. वरून हळद लावली. आठ दिवस हनुवटी सुजलेली होती, भात गिळता येत नव्हता. ज्या मुलीचे अंग गोंदलेले नाही तिच्या हातचे पाणी सासरी कोणी पिणार नाही, असे तेव्हा सांगत. मेल्यावर अंगावरचे सगळे डाग-दागिने काढून घेतात आणि गोंदण तेवढे सोबत जाते, असेही सांगत. नऊ वर्षांच्या मुलीला मरणाची ही गोष्ट का सांगावी, याचे मला आजही नवल वाटते.

पुढे मी नागपूरला डी.एड. केले आणि शिक्षिका झाले. स्टाफरूममध्ये शहरातल्या सहकारी बायका माझ्याशी बोलताना हनुवटीकडे बघत. त्यांच्या मनात वाईट नसेलही, पण मी पस्तीस वर्षे पदराचे टोक तोंडाशी धरून बोलले आणि त्याची सवय आता जात नाही. निवृत्तीनंतर लेसरने काढून टाकण्याची चौकशी केली. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले की काळा रंग लेसरला चांगली दाद देतो, पण काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा यावे लागेल. मी एकदाही गेले नाही. का गेले नाही, ते मला नीट सांगता येणार नाही.

हे सर्व लिहिण्याचे कारण असे की आजीची आठवण म्हणून गोंदण घेताना, आजीला ते हवे होते असे गृहीत धरू नका. तुम्ही स्वतःच्या मर्जीने घेणार आहात आणि दुखले तर हात मागे घेऊ शकणार आहात. ही मोकळीक तिला बहुधा नव्हती. एवढे ध्यानात ठेवून अवश्य घ्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. माझ्या हातावरच्या ठिपक्यांखाली ‘लीला’ लिहिलेले आहे, आणि सासरी मला सर्व जण सुमन म्हणून ओळखतात. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले. गोंदण त्याच्या आधीचे आहे. माझ्याजवळ शाळेचे दाखले होते म्हणून लीला हे नाव कागदावर तरी उरले. तुमची आजी शाळेत गेली नसेल, तर तिचे माहेरचे नाव लिहिलेली जागा तिच्या हाताशिवाय दुसरी कोणती असेल? तिच्या माहेरचे कोणी हयात असेल तर त्यांना विचारा, आणि ‘गंगा कोण’ असे न विचारता ‘आजीला तुम्ही काय म्हणून हाक मारत होता’ असे विचारा.

उत्तर – रक्तदाता_ओ_पॉझिटिव्ह

एक छोटी सूचना. टॅटू काढल्यानंतर आपल्याकडच्या नियमांप्रमाणे 12 महिने रक्तदान करता येत नाही. नियमित देत असाल तर आधी देऊन घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर – उमरेडरोड

सर्वांची मनापासून आभारी आहे. काकू, तुमचे उत्तर मी आईला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले आणि नंतर बराच वेळ ती काही बोलली नाही.

आजीचे धाकटे भाऊ भिवापूरजवळ राहतात. रविवारी आम्ही दोघी तिकडे गेलो. त्यांना आता कमी ऐकू येते, म्हणून तुम्ही सांगितला तोच प्रश्न मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पाटी वाचली आणि लगेच म्हणाले, “गंगी.” मग सदऱ्याची बाही वर करून त्यांनी आपला डावा हात पुढे केला. तीच फुली, तेच चार ठिपके, आणि खाली त्यांचे नाव. त्यांचा हात मी आजवर शंभर वेळा पाहिला असेन, पण बाहीच्या आत कधी लक्ष गेले नव्हते.

त्यांनी सांगितले की त्रिपुरी पौर्णिमेला सगळे घर बैलबंडीने रामटेकच्या जत्रेला गेले होते. गर्दीत पोरे हरवतात, म्हणून त्यांच्या आईने दोघांच्या हातांवर सारखी खूण आणि आपापले नाव काढून घेतले. ते चार वर्षांचे होते आणि गंगी आठ वर्षांची. तिचा नंबर आधी लागला. तिने हूं की चूं केले नाही, पण शेवटचे अक्षर चालू असताना सुया पाहून हे रडत पळाले, आणि त्यांना धरायला म्हणून तिने हात हिसडला. गोंदणारीण रागावली, असे ते म्हणाले. लग्नात तिचे नाव सरस्वती ठेवल्यावर त्यांनी आठवडाभर तिला कोणत्याच नावाने हाक मारली नाही.

आई तिथेच रडली. पन्नास वर्षांहून अधिक काळ आपण आपल्या आईचे नाव चुकीचे घेत होतो, असे ती म्हणत राहिली, आणि तसे नाही हे आम्ही तिला अजून पटवून देऊ शकलेलो नाही.

मी आधी रक्तदान करीन आणि उन्हाळा सरला की गोंदण घेईन. शाईवाला दादा, अनुस्वार शिरोरेषेपासून सुटा ठेवावा लागेल, हे समजले. आजीच्या भावाच्या हातावरून फुली आणि ठिपके मी पारदर्शक कागदावर उतरवून आणले आहेत. अक्षरे मात्र आजीच्या फोटोवरूनच घ्यायची आहेत, आणि दुसरा ‘ग’ जसा कललेला आहे तसाच ठेवायचा आहे.